दुसऱ्या ओळीची पुस्तिका

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही मुळीच विश्वास ठेवणार नाही. आजवर कुणीच ठेवलेला नाही. शेजारच्या मिक्सरच्या वॉरंटी कार्डाला एकदा सगळं सांगून पाहिलं, तर ते ऐकता ऐकता कुशीवर वळून झोपी गेलं. तरीही सांगते. कारण आज सांगितलं नाही, तर उद्या सांगायला मी असेनच असं नाही.

मी एक जुनी गाण्याची पुस्तिका आहे. अंगावर मोजकी पानं, पाठीत दोन पिना, आणि त्याही गंजलेल्या. सिंगापूरच्या दमट हवेत माणसांचे सांधे दुखतात की नाही ठाऊक नाही, पुस्तिकांचे मात्र दुखतात. पानं फुगतात, कोपरे वळतात, आणि ते चंदेरी किडे असतात ना, ते रोज थोडं थोडं चाखून जातात. दमले आहे मी. पण दमलेल्या म्हातारीलाही कचऱ्यात जायला आवडत नाही, एवढं लक्षात असू द्या.

झालंय असं, की सेरंगूनच्या या फ्लॅटमध्ये आज आवराआवर चालली आहे. घर यिशुनला, शहराच्या उत्तर टोकाला हलणार. तिकडची जागा लहान आहे. घरातले बाबा, म्हणजे मनोहर, सकाळीच फर्मान सोडून ऑफिसला गेले.

"जुने कागद बघून घ्या रे. ओरिजिनल असेल ते खोक्यात. झेरॉक्स असेल ते निळ्या पिशवीत. झेरॉक्स काय, केव्हाही परत काढता येते."

निळी पिशवी म्हणजे खाली रिसायकलिंगच्या डब्यात. तिथून पुढे काय होतं ते परत येऊन कुणी सांगितलेलं नाही.

आई, म्हणजे अंजली, स्वयंपाकघरात काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळते आहे. कागद निवडायचं काम मुलांकडे. गार्गी चौथीत आहे. अथर्व अजून दात पडायच्या वयातला. गार्गीने मला दोन बोटांत धरून उचललं आणि हात सरळ पिशवीकडे नेला. तेव्हा मला तोंड उघडावंच लागलं.

"अगं ए, थांब की जरा!"

"ताई," अथर्व म्हणाला, "द पेपर इज टॉकिंग."

"इग्नोर कर," गार्गी म्हणाली. "जुने पेपर असेच बोलतात."

"पिशवीत झेरॉक्स जातात," मी म्हटलं. "मी ओरिजिनल आहे. थेट वेल्सची. आधी माझी गोष्ट ऐका, मग कुठे टाकायचं ते ठरवा."

गार्गीने सुस्कारा सोडला आणि मांडी घातली. तिलाही तेवढीच विश्रांती हवी होती म्हणा. तर मित्रांनो, तुम्हीही बसा.

वेल्स हा इंग्लंडच्या शेजारचा डोंगराळ मुलूख. तिथे पाऊस फार, मेंढ्या त्याहून जास्त. तिथल्या डोंगरात काळ्या दगडाच्या खाणी आहेत. तुमच्या आजीच्या शाळेत दगडी पाट्या असायच्या ना, तसला दगड. खाणीत काम करणारी माणसं रविवारी एका लहानशा प्रार्थनाघरात जमून गाणी म्हणायची. गाणी कुणी रचलेली नव्हती. आजीकडून आईकडे, आईकडून लेकराकडे आलेली. सगळे एकाच चालीत, एकाच सुरात गायचे.

आता तिथे चार भाऊ होते. चौघांचं कशावरून तरी बिनसलं आणि त्यांनी बोलणं टाकलं. पण गायची हौस सुटेना. थोरला मास्तरांना म्हणाला, "तो जे गातो ते मी गाणार नाही." दुसराही तेच म्हणाला, आणि तिसरा, चौथाही. मास्तर रात्रभर, नाही, दिवसभरच म्हणू या, कपाळाला हात लावून बसले. शेवटी त्यांनी एका अंगाईच्या चार ओळी केल्या. सगळ्यात वर मूळ चाल. तिच्याखाली दुसरा आवाज, त्याखाली तिसरा, आणि तळाला खर्ज. चौघांना चार ओळी दिल्या आणि सांगितलं, "जा, आपापली गा. एकमेकांकडे बघूसुद्धा नका." रविवारी चौघं चार कोपऱ्यांत तोंडं फिरवून उभे राहिले आणि गायला लागले. तर काय! चारही ओळी मधोमध येऊन अशा भेटल्या, की भावांना वळून बघावंच लागलं. जगातलं पहिलं चार आवाजांचं गाणं असं झालं, मित्रांनो. पुस्तकांत वेगळं लिहिलेलं असेल. पुस्तकांना काय कळतंय!

"आणि तू कुठे होतीस?" अथर्वने विचारलं.

मी त्याच रविवारी जन्मले. तो क्षण मला लख्ख आठवतो. डोंगरावर अशी वीज चमकली, की एक पांढरा उजेड माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेला. मग घरघर झाली. ते ढग. आणि मी बाहेर आले तेव्हा अंग छान ऊबदार होतं. माझ्यामागून माझ्याचसारख्या कितीतरी बहिणी एकामागून एक येत राहिल्या.

"आणि हा डाग?" अथर्वने पहिल्या पानावर बोट ठेवलं.

वा! डागाचंच तर सांगायचं होतं. तळाची ओळ गाणारा धाकटा भाऊ इतका खाली उतरला, की प्रार्थनाघराची फळी थरथरायला लागली. टेबलावरचा चहाचा पेला आपल्या पायांनी चालत कडेपर्यंत आला आणि माझ्यावर लवंडला. ही त्याची गोल खूण. छपरावर बसवलेल्या त्याच काळ्या दगडाच्या दोन पाट्यासुद्धा निसटल्या त्या दिवशी. मेंढ्या ऐकायला दारात आल्या आणि जाडीप्रमाणे चार ओळींत उभ्या राहिल्या.

"पण चहा ब्राउन असतो," अथर्व म्हणाला. "हे तर ग्रे आहे."

"कोरा चहा होता," मी म्हटलं. "आणि वयाने माणसाचे केस नाही का पांढरे होत? पुढे ऐक."

पुढे मी ग्वेनबाईंच्या ट्रंकेत बसून बोटीने सिंगापूरला आले. ग्वेनबाई म्हणजे संगीत शिकवणाऱ्या बाई, मूळच्या त्याच डोंगरातल्या. पांढरे आखूड केस, पायांत कायम खेळाचे बूट. वाटेत तांबड्या समुद्रात बोटीचं इंजिन बंद पडलं. खलाशांनी माझी तळाची ओळ गायली आणि बोट नुसत्या त्या आवाजावर बंदरापर्यंत आली. असू दे, तुम्ही हसताय. हसा.

सेरंगूनच्या कम्युनिटी क्लबमध्ये ग्वेनबाईंनी क्वायर, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा गट, काढला. वरच्या मजल्यावरची खोली, आणि एसी असा, की लोक गाताना शाली पांघरायचे. गाणारे सगळ्या तऱ्हेचे. चिनी काकू होत्या, तमिळ डॉक्टर होते, एक फिलिपिनो नर्स तिची ड्युटी संपली की धावत यायची. मराठी दोघंच. एक निशिकांत, तो विद्यापीठात संशोधन करायचा आणि खर्ज गायचा. दुसरी अंजली. हो गार्गी, तुझी आई. ती पुण्याला बरीच वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेली. ग्वेनबाईंनी तिचा आवाज ऐकला आणि मला तिच्या हातात दिलं. म्हणाल्या, "तू दुसरी ओळ."

अंजली मला घरी घेऊन आली आणि तिने ती ओळ बघितली. वरची चाल डोंगर चढते, उतरते, वळणं घेते. दुसरी ओळ एका सुरावर उभी. मग जरासं सरकायचं, की पुन्हा उभी. अंजलीने फोन करून निशिकांतला विचारलं, "हे गाणं आहे की शिक्षा?"

"तुझं बरं आहे," तो म्हणाला. "माझी ओळ ऐकलीस तर वाटेल कुणीतरी कपाट सरकवतंय."

मग दोघांनी आपापल्या घरी जोरात रियाज केला. आणि मित्रांनो, इथे एक घोटाळा झाला. आपल्याकडे गाणारा आधी स्वतःची पट्टी ठरवतो. कुणाचा सा पेटीवरच्या काळी एकला, कुणाचा काळी चारला. तानपुरा त्या पट्टीत लावायचा आणि गायचं. मग गाणं कुठलंही असो, सा आपलाच. अंजलीने फोनवरचा तानपुरा काळी चारला लावला आणि दुसरी ओळ घोटून घोटून पाठ केली. निशिकांतने काळी एकला लावून तळाची ओळ घोटली. माझ्यावर कुठली पट्टी छापली आहे, ते दोघांपैकी एकानेही बघितलं नाही. बघायचं असतं हेच त्यांच्या गावी नव्हतं.

पुढच्या गुरुवारी सगळा क्वायर उभा राहिला. पियानोने सूर दिला. या दोघांच्या कानांत मात्र आठवडाभर स्वतःचा तानपुरा बसलेला. ग्वेनबाईंनी हात खाली आणला, आणि... काय सांगू! खिडकीवरची मैना उडाली. चिनी काकूंनी शाल कानांवरून घेतली.

ग्वेनबाईंचा खाली आणलेला हात तसाच राहिला.

"अंजली डिअर, व्हेअर आर यू?"

"हिअर, मिस."

"नो. यू आर अपस्टेअर्स. निशिकांत इज इन द बेसमेंट. अँड वी आर ऑल वेटिंग अॅट द लिफ्ट."

निशिकांत काकुळतीला येऊन म्हणाला, "पण मॅडम, माझा सा इथेच आहे. मी तो कुठे नेऊ?"

ग्वेनबाईंना काही कळेना. तेव्हा अंजलीने फोन काढला आणि त्यांना तानपुरा ऐकवला. सा म्हणजे काय, पट्टी म्हणजे काय, जमेल तसं सांगितलं. ग्वेनबाई डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मैफलीत या तानपुऱ्याकडे कोण बघतं?"

"कुणीच नाही," अंजली म्हणाली.

"आणि तो थांबला तर?"

"तर गाणारा पडेल."

"मग तुझी ओळ ती आहे," ग्वेनबाई म्हणाल्या. "फक्त इथे सा तुझा एकटीचा नाही. सगळ्या खोलीचा मिळून एक आहे."

त्या दिवसापासून अंजली बदलली. ती दुसऱ्या ओळीवर उभी राहायला शिकली. घसरण्याची सवय मात्र जाता जाईना. सुरावरून सुरावर जाताना गळा मींड घ्यायचाच. म्हणून तिने पेन्सिलने माझ्यावर लिहायला सुरुवात केली. सुरांवर सारेगम लिहिलं. कुठे लिहिलं, "घसरू नकोस." कुठे, "श्वास." एके ठिकाणी, "वरची चाल ऐकायची नाही!!" आणि दुसऱ्या पानावर नुसतंच, "ग्वेनबाई बघतायत."

तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे. "इथे आलं की पाय मारते."

"कोण पाय मारते?" गार्गीने विचारलं.

"ओळख."

गार्गीने ते अक्षर पुन्हा वाचलं. एकेक अक्षर लावत, रविवारच्या मराठी वर्गात वाचते तसं. मग तिने स्वयंपाकघराकडे बघितलं.

आमचा कार्यक्रम झाला. पोटातल्या गार्गीसकट अंजली शेवटच्या रांगेत उभी होती. गाणं संपलं आणि टाळ्या अशा पडल्या, की खालच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या गाळ्यांत, लोकांनी छत्र्या उघडल्या, त्यांना वाटलं पाऊस आला. स्टेशनवर एमआरटीच्या मेट्रोगाडीने दारं उघडी धरली. ब्लॉकमधल्या लिफ्ट कुणी बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर थांबून आल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस. बहिणींच्या गर्दीत मी एकटीच अशी होते, की जिच्या अंगावर इतकं लिहिलेलं होतं.

मग गार्गी जन्मली आणि अंजलीचं क्वायरला जाणं सुटलं. थोड्याच दिवसांत ग्वेनबाईही थकल्या आणि बहिणीकडे राहायला वेल्सला परत गेल्या. जाताना सगळी गाणी ट्रंकेत भरून नेली. मी तेवढी इथे राहिले. क्वायर फुटला. निशिकांतला दुसऱ्या देशात नोकरी लागली. मी शेल्फवर गेले. माझ्यावर आधी पासपोर्टच्या फोटोंचं पाकीट आलं, मग विम्याचे कागद, मग ते वॉरंटी कार्ड.

पण गाणं थांबलं नव्हतं, मित्रांनो. बाळ रडलं की अंजली तिला खांद्यावर घेऊन या खोलीत फेऱ्या मारायची आणि गायची. काय गायची? दुसरी ओळ! तिला तीच तर पाठ होती. एका सुरावर उभं राहायचं, जरासं सरकायचं, पुन्हा उभं राहायचं. शब्दांना फाटा, नुसतं हूं हूं. आणि बाळ हमखास झोपायचं. मी विम्याच्या कागदांखालून मनातल्या मनात वरची चाल म्हणायचे. ऐकणारं कुणी नव्हतं. तरी म्हणायचे.

आता पुढचं सांगायला मला बरं वाटत नाही. पण सांगते.

मागच्या वर्षी गार्गीच्या वर्गात प्रत्येकाने घरचं एक गाणं म्हणायचं होतं. गार्गी उभी राहिली आणि तिने तिची अंगाई म्हटली.

"हे नको सांगूस," गार्गी मला म्हणाली.

"मग तूच सांग."

तिने खाली मान घालून पिशवीचं टोक पिळलं. मग अथर्वच म्हणाला, "तिची फ्रेंड म्हणाली, युअर साँग गॉट नो ट्यून लाह. लाइक फ्रिज साउंड."

"सगळे हसले," गार्गी म्हणाली. "टीचरपण थोडीशी."

घरी येऊन गार्गी दप्तर न काढताच आईला म्हणाली होती, "तू मला राँग साँग शिकवलंस." अंजली म्हणाली, "राँग नाही गं ते. ते दुसरं असतं, म्हणजे..." तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. नंतर तो विषय राहून गेला. त्या दिवसापासून या घरात ते गाणं कुणी म्हटलेलं नाही. गार्गीने शाळेतल्या गाण्याच्या वर्गातून नाव काढून घेतलं. अथर्वला तर ते गाणं येतच नाही. तो झोपताना टॅबलेटवर पावसाचा आवाज लावतो, आणि बाहेर खरा पाऊस पडत असतो.

मी तेव्हाच ओरडून सांगणार होते. पण विम्याच्या कागदांखालून म्हातारीचा आवाज तो किती यायचा!

म्हणून गार्गी, आता तिसरं पान उघड. तू शाळेत ती रेकॉर्डर नावाची बासरी वाजवतेस, तुला सूर वाचता येतात. बोट ठेव. ही दुसरी ओळ. ओळखीची वाटते?

गार्गीने बोट ठेवलं. ओठ हलले. पहिला सूर, तोच सूर, पुन्हा तोच. मग जरासं सरकली. तिचं बोट थांबलं.

"हे माझं आहे," ती हळूच म्हणाली.

"आता बोट वर ने."

ती वरच्या ओळीवर गेली. चढली, उतरली, एका वळणावर अडखळली, परत आली. मग वर एकदा, खाली एकदा, असं दोन्हीकडे बघत राहिली. अथर्वसुद्धा तिच्या बोटामागोमाग मान वर-खाली करत होता.

बघा मित्रांनो, एवढंच माझं सांगणं आहे. जुन्या कागदांना कधीतरी हात लावत जा. त्यांच्यावरचं ओझं उतरवा, किडे झटका, कोरड्या फडक्याने पुसा. टाकायचे असतील तर टाका, पण एकदा उघडून वाचा आणि मग टाका. आम्ही फार काही मागत नाही. आणि मी तर काय, साधासुधा कागद नव्हे. मी त्या प्रार्थनाघरातली, त्या चार भावांच्या हातातली, विजेच्या उजेडात जन्मलेली अस्सल पहिली पुस्तिका. या चहाच्या डागाची शपथ घेऊन सांगते, की...

गार्गीने अंगठ्याला थुंकी लावली आणि डाग खसाखसा चोळला. अंगठा उलटा करून बघितला. स्वच्छ. मग माझं पान उजेडाकडे तिरकं धरलं. मग तोच अंगठा तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यावर अगदी हलकेच, एकदाच फिरवला. यावेळी तो काळा झाला. ती उठली आणि मला छातीशी धरून स्वयंपाकघराकडे धावली.

"आई! हा पेपर सगळं खोटं बोलतोय! वीज नाही नि बीज नाही, ते मशीन होतं. तो डागपण झेरॉक्सच आहे! पण पेन्सिल खरी आहे, बघ, हाताला लागली. हा खोक्यात जाणार. आणि आई, ते पेले ठेव ना खाली. इथे वर अजून एक ओळ आहे, ती तू म्हण. मी माझी म्हणते."